मद्रासच्या परिषदेत गाजावी अशी ६१७४

१९१३ साली मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या श्रीनिवास रामानुजन यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. गुणपत्रिका बाजूला ठेवून वहीतलं काम पाहणारा तो निर्णय आजही थोर वाटतो. याच शहरात १९४९ च्या गणित परिषदेत देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी ६१७४ ही संख्या मांडली.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. सगळे अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि उत्तरावर तेच करत राहा. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४! फार तर ७ पायऱ्या लागतात. तीन अंकांत ४९५ येते. पाच अंकांत मात्र अशी एकच संख्या नाही, फेरे सुरू होतात. असं का? नववीतल्या हुशार मुलीला महिनाभर गुंतवेल असा हा प्रकल्प, खर्च वही-पेन्सिलीचा.

याच मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, पी. के. श्रीनिवासन या शिक्षकाने मुलांना असंच हाताने गणित करायला लावलं; रोयापुरमचं रामानुजन संग्रहालय त्यांनीच उभारलं. बारावीनंतर संशोधकांच्या सहवासात शिकायचं असेल, तर सी. एस. शेषाद्री यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे. महाराष्ट्रातल्या पालकांनी आधी पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात चौकशी करावी. श्रीराम अभ्यंकरांनी ते १९७६ मध्ये स्थापन केलं.