कान, पान, रान : सारख्या शेवटाच्या शब्दांतून पहिले वाचन

पहिलीच्या वर्गात हे हमखास दिसते. मूल फळ्यावरच्या शब्दाखाली बोट ठेवते, 'का… न…' असे स्वच्छ म्हणते आणि 'मग शब्द कोणता?' असे विचारले की गप्प बसते. दोन्ही अक्षरे ओळखीची आहेत, 'कान' हा शब्दही रोजचा आहे. तरी गाडे अडते, कारण मुळाक्षरे म्हणताना 'न'मध्ये जो 'अ' ऐकू येतो, तो शब्दाच्या शेवटी आपण उच्चारतच नाही. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही आणि मुलाला ते कोणी सांगितलेले नसते. कान, पान, रान, मान हे शब्द एकत्र दिले, तर हा मिटलेला शेवट मुलाला एकदाच पकडावा लागतो. पुढे बदलायचे ते फक्त पहिले अक्षर.

आधी नुसते ऐकणे

बालवाडीच्या वयात, म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी, पाटी-पेन्सिलीची गरज नाही. चार शब्द म्हणायचे आणि वेगळा कोणता ते विचारायचे. 'कान, पान, मोर, रान' असे विचारले, तर मूल 'मोर' म्हणेल, पण कदाचित मोर उडतो म्हणून! आवाजाकडे लक्ष गेले की अर्थाकडे, हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी 'कान, पान, नाक, रान' असे विचारून पाहा. अर्थाने कान आणि नाक ही जोडी. आवाजाने मात्र वेगळे पडते ते नाक. इथे बरोबर उत्तर देणारे मूल खरोखर ऐकते आहे.

या खेळाचे मोल संशोधनातही दिसले आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 1983 मध्ये 'नेचर'मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरचा अभ्यास मांडला. चार-पाच वर्षांची जी मुले असे वेगळे शब्द चांगले ओळखत, ती पुढे वाचनातही पुढे राहिली. यात कच्च्या असलेल्या 65 मुलांचे त्यांनी गट केले आणि काही गटांना दोन वर्षे सराव दिला. सर्वांत पुढे गेला तो आवाजांबरोबर प्लास्टिकची अक्षरेही हाताळणारा गट. म्हणजे ऐकण्यापासून सुरुवात करायची, पण तिथेच रेंगाळायचे नाही.

शेवटचे अक्षर वेगळे, शेवटचा आवाज वेगळा

स्वाध्यायात 'शेवटचे अक्षर सारखे असलेले शब्द लिहा' असे वाक्य असते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पार, पूर, पोर, पेर या सगळ्यांच्या शेवटी 'र' आहे. यमक एकाचेही दुसऱ्याशी जुळत नाही. भेंड्या खेळायला शेवटचे अक्षर पुरते. यमकाला त्याच्या आधीचा स्वरही लागतो : पार-तार, पूर-सूर, पोर-मोर. फळ्यावर लिहिताना पहिले अक्षर पांढऱ्या खडूने आणि 'ान' किंवा 'ोर' एवढा भाग रंगीत खडूने लिहावा. नुसता 'न' रंगवला तर अर्धीच गोष्ट दाखवल्यासारखे होते.

बाराखडीत अक्षर तेच राहते आणि स्वर बदलतो; इथे स्वर तोच राहतो आणि अक्षर बदलते. मुलाला दोन्ही सराव हवेत. अख्खी बाराखडी पाठ होईपर्यंत शब्दांना हात लावू न देणे मात्र मला पटत नाही. न, प, म, र, क आणि काना एवढ्या भांडवलावर अर्धा डझन शब्द होतात.

कोणते गट आधी?

बरेच शिक्षक नळ, फळ, बळ अशा बिनकान्याच्या शब्दांनी सुरुवात करतात. ते चूक नाही, पण या शब्दांत सारखा असणारा 'अ' कागदावर दिसत नाही. कान्याच्या गटात कानाला जे ऐकू येते ते डोळ्यालाही दिसते : ताट, वाट, पाट, खाट, डाळ, बाळ, माळ, टाळ. त्यानंतर मोर, चोर, दोर आणि वीट, नीट, धीट घ्यावेत. उकार अक्षराच्या खाली जातो, म्हणून फूल, मूल, चूल जरा उशिरा. 'रूप'मध्ये तर उकार 'र'च्या कुशीत शिरतो. तो आणखी उशिरा आला तरी चालेल.

मराठीची एक सोय इथे कामी येते. अकारान्त मराठी शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार-उकार दीर्घ लिहितात. त्यामुळे आधी लिहायची आणि नंतर वाचायची ती ऱ्हस्व वेलांटी या गटांत सहसा आडवी येत नाही. गुण, सुख, विष हे संस्कृतातून आलेले शब्द अपवाद आहेत, ते सध्या बाजूला ठेवावेत. अनेकवचनेही नकोत, 'फूल'चे 'फुले' झाले की उकार ऱ्हस्व होतो.

पुठ्ठ्याची पट्टी

जुन्या वहीचा पुठ्ठा घ्यावा आणि त्यावर उजवीकडे 'ान' लिहावे. डावीकडे एकीखाली एक अशा दोन आडव्या चिरा पाडून त्यांतून कागदाची पट्टी ओवावी. पट्टीवर एकाखाली एक क, प, र, म, द, स. पट्टी मुलालाच ओढू द्यावी. 'सान' आले की मूल थबकते आणि 'असा शब्द असतो का?' विचारते. असतो, लहान-सान मधला.

घरची बोली

खानदेशात, वऱ्हाडात कित्येक घरांत 'डोळा'चा 'डोया' होतो. पुष्कळ घरांत 'पाणी' हे 'पानी' असते. म्हणून मुलाला टोकू नये. डोया-गोया, पानी-रानी ही यमके बिनतोड आहेत. ऐकण्याच्या खेळात ती जशीच्या तशी घ्यावीत, फळ्यावर डोळा-गोळा, पाणी-राणी लिहावे. अडचण येते ती 'बाण' घरी 'बान' असतो आणि मूल त्याला 'पान'च्या रांगेत बसवते तेव्हा. तिथे दोन्ही शब्द शेजारी लिहून ण आणि न दाखवावेत.

पाठांतर की वाचन?

एकच गट आठवडाभर घोकला की मूल पहिले अक्षर पाहून बाकीचे तोंडपाठ म्हणते. म्हणून दोन-तीन दिवसांत गट मिसळावेत : पान, पाट, पाय; चार, चीर, चोर. मधूनच 'टान', 'लाट', 'झोर' असे खरे-खोटे शब्द द्यावेत. 'टान' न अडखळता वाचून 'असा शब्दच नाही!' म्हणत हसणाऱ्या मुलाला वाचता येऊ लागले आहे, असे खुशाल समजावे आणि त्याला पुढचा गट द्यावा.