बेडलिंग्टन टेरिअर : कामाचा आणि प्रदर्शनाचा

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं आम्हीं आठव्या इयत्तेच्या वर्गांत एक चित्र नेलें आणि तें फळ्यावर टांगून "हा प्राणी कोणता?" असें मुलांस विचारलें. बहुतेकांनीं "कोंकरूं" असें उत्तर दिलें. एकानें "नुकतीच कातरलेली मेंढी" असें सांगितलें. अंगावर लोंकरीसारखे आखूड केस, डोक्यावर पांढरट तुरा, कमानदार पाठ, कानांच्या टोकांस गोंडे, आणि मुद्रा इतकी गरीब कीं जणूं गवताखेरीज कांहीं ठाऊकच नाहीं! परंतु तें चित्र कुत्र्याचें होतें. आणि तोहि असा कीं, बिळाच्या अंधारांत शिरून शत्रूशीं एकटा झुंजण्याबद्दल ज्याची ख्याति. हें सांगतांच वर्गांत हंशा पिकला. तथापि या कुत्र्याची हकीकत केवळ हंसण्याजोगी नाहीं. रूप, गुण आणि आरोग्य यांचा एकमेकांशीं संबंध किती व नाहीं किती, हें ती फार स्पष्टपणें शिकविते. म्हणून ती येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्लंडच्या अगदीं उत्तरेस, स्कॉटलंडच्या सीमेला लागून, नॉर्थंबरलंड नांवाचा परगणा आहे. त्यांत बेडलिंग्टन हें गांव. एके काळीं या बाजूस कोळशाच्या पुष्कळ खाणी होत्या. शेवटची खोल खाण २००५ सालीं बंद पडली. खाणींतील कामगारांची मिळकत बेताची. त्यांना केवळ शोभेसाठीं कुत्रा पाळणें परवडण्यासारखें नव्हतें. घरांतील व खाणींतील उंदीर मारील, रविवारीं एखादा ससा धरून आणील, आणि रात्रीं चुलीपाशीं मुलांच्या सोबतीनें निजेल, असाच कुत्रा त्यांस हवा होता. अशी एक जात त्या मुलखांत होती. जवळच्या रॉथबरी गांवावरून तिला प्रथम 'रॉथबरी टेरिअर' म्हणत. १८२५ सालीं जोसेफ एन्सली या गवंड्यानें आपल्या 'पायपर' नामक कुत्र्यास 'बेडलिंग्टन टेरिअर' असें म्हटलें, आणि तेंच नांव पुढें रूढ झालें. हा पायपर चौदा वर्षांचा, दांत पडलेला व जवळजवळ आंधळा झाला असतांहि, इतर कुत्र्यांनीं माघार घेतली तेथें त्यानें बॅजर नांवाच्या बळकट बिळवासी पशूस बाहेर ओढून काढलें, अशी आख्यायिका आहे. बॅजरास कोंडून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ इंग्लंडांत १८३५ सालीं कायद्यानें बंद झाला, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. कुत्र्याच्या धैर्याचें कौतुक करितांना दुसऱ्या मुक्या जिवाचे हाल विसरणें बरें नव्हे.

या कुत्र्याच्या शरीराची ठेवण पाहिली म्हणजे प्रत्येक अवयवाचें कारण लक्षांत येतें. उंची सुमारें १६ इंच आणि वजन ८ ते १० किलो. म्हणजे बिळांत शिरण्याइतका लहान व झुंजण्याइतका दमदार. कमानदार पाठ आणि लांब मागचे पाय यांमुळें तो सशामागें वेगानें धांवूं शकतो. व्हिपेट या शर्यतीच्या कुत्र्याचें रक्त त्याच्यांत मिसळलें असावें, असें मानितात. अंगावर राठ व मऊ अशा दोन प्रकारच्या केसांचें मिश्रण असतें. हे केस इतर कुत्र्यांप्रमाणें गळून पडत नाहींत, म्हणून ते वेळोवेळीं कातरावे लागतात. पिल्लें जन्मतात तेव्हां काळीं किंवा गडद तपकिरी असतात. वयाबरोबर रंग फिकट होत जातो. चित्रांतील कोंकरूं हें अशा रीतीनें अर्धें निसर्गाचें व अर्धें कातरीचें काम आहे.

आतां कातर कोठून आली तें पाहूं. १८५९ सालीं न्यूकॅसल शहरीं कुत्र्यांचें एक प्रदर्शन भरलें. इंग्लंडांतील अशा पद्धतशीर प्रदर्शनांचा आरंभ तेथून धरितात. १८७० सालीं खुद्द बेडलिंग्टन गांवीं या जातीसाठीं प्रदर्शन झालें, आणि १८७७ सालीं तिच्या चाहत्यांनीं राष्ट्रीय मंडळ स्थापिलें. खाण सोडून हा कुत्रा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत गेला. १९४८ सालीं न्यूयॉर्क येथील प्रसिद्ध वेस्टमिन्स्टर प्रदर्शनांत 'रॉक रिज नाइट रॉकेट' नांवाच्या बेडलिंग्टननें सर्व जातींच्या कुत्र्यांत पहिला मान मिळविला. मालक रॉकफेलर घराण्यांतील होते. खाणकामगाराच्या झोंपडींतून निघालेल्या वंशाचा हा केवढा प्रवास!

परंतु प्रदर्शनांत परीक्षक काय पाहतो? डोक्याची घडण, पाठीची कमान, चालण्याची ढब, केसांचा पोत. उंदीर किती वेळांत मारला, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. जें बक्षिसास पात्र, त्याचीच पैदास वाढते, हा नियमच आहे. त्यामुळें हळूहळू दोन वंश निराळे पडूं लागले. एक प्रदर्शनाचा : केस दाट व मऊ, तुरा मोठा, कातरकाम अगदीं रेखीव. दुसरा कामाचा : केस आखूड ठेविलेले व राठ, अंगकाठी साधी, जबडा मजबूत. कामाच्या कुत्र्यांचे धनी तक्रार करितात कीं, मऊ केसांत चिखल व पाणी भरतें आणि प्रदर्शनाच्या मोहानें अंगची जिद्द नाहींशी झाली. कोणी तर लेकलंडसारख्या इतर टेरिअरांशीं संकर करून तो राठपणा परत आणूं पाहतात. उलट प्रदर्शनवाले म्हणतात कीं, आम्हीं वंशावळी लिहून ठेविल्या नसत्या, तर ही जात कधींच इतरांत मिसळून नाहींशी झाली असती. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. इंग्लंडांत २००४ च्या कायद्यानें कुत्र्यांकरवीं रानटी पशूंची शिकार करण्यास बहुतांशीं बंदी झाली. तथापि उंदीर व ससे यांस त्यांतून वगळिलें असल्यामुळें या कुत्र्याचें जुनें काम अजून अगदींच संपलेलें नाहीं.

येथवर वाद रूपाचा व गुणांचा झाला. पण आरोग्याचें काय? "कामाचा कुत्रा निरोगी, प्रदर्शनाचा रोगट," असें पुष्कळ लोक बेधडक बोलतात. आमच्याहि मनांत प्रथम असेंच होतें. परंतु विचार करितां हें मत अर्धेंच खरें ठरतें.

या जातींत एक विशेष रोग आहे, आणि त्याचें कारण तांबें. तांबें म्हटल्यावर घरांतील हंडा व तांब्या यांकडे आपलें लक्ष जाईल. शरीराला तांब्याची गरज असते. पण ती अत्यल्प. अन्नांतून आलेलें जास्त तांबें यकृत पित्ताबरोबर आंतड्यांत सोडून देतें आणि तें मळावाटे बाहेर जातें. ज्या बेडलिंग्टनच्या अंगीं हा दोष असतो, त्याच्या यकृतास हें बाहेर टाकण्याचें काम साधत नाहीं. येणें चालू व जाणें बंद, अशी स्थिति होते. निरोगी कुत्र्याच्या वाळविलेल्या यकृताच्या दर दहा लक्ष भागांत तांब्याचे भाग सामान्यतः ४०० च्या आंत असतात. रोगी कुत्र्यांत ते १०,००० च्याहि वर गेलेले आढळले आहेत. मग यकृताच्या पेशी मरूं लागतात. कुत्रा मंदावतो, खाणें टाकतो, ओकाऱ्या होतात, वजन घटतें, कधीं कावीळ होऊन थोड्याच दिवसांत तो दगावतो. अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं या रोगाचा तांब्याशीं असलेला संबंध प्रसिद्ध केला.

तांबें यकृतांत सांचून होणारी हानि आपल्याकडेहि अपरिचित नाहीं. आपल्या देशांत पूर्वी कांहीं तान्ह्या मुलांस यकृताचा एक प्राणघातक रोग होत असे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टरांनीं इंग्लंडांतील सहकाऱ्यांबरोबर १९८० नंतरच्या दशकांत त्याचा अभ्यास केला. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांत तापविलेलें व ठेवलेलें दूध मुलांस पाजल्यानें तांबें त्यांच्या पोटांत जातें आणि तें या रोगाचें एक मोठें कारण आहे, असें त्यांच्या अभ्यासांत दिसून आलें. भांडीं बदललीं आणि रोगहि मागें हटला. आपल्या आजीबाई कल्हईवाल्याची वाट कां पाहत असत, हें यावरून समजेल. भेद इतकाच कीं, त्या मुलांच्या पोटांत तांबें बाहेरून अधिक जाई. बेडलिंग्टनच्या अंगांत मात्र साध्या अन्नांतलेंच तांबें अडकून राहतें, कारण त्याचा दोष जन्मजात आहे.

हा दोष आईबापांकडून पिल्लांकडे कसा येतो, हें मेंडेल या धर्मगुरूनें १८६५ सालीं वाटाण्यांच्या प्रयोगांवरून सांगितलेल्या नियमानें उलगडतें. प्रत्येक गुणाचे दोन घटक, म्हणजे जनुकें, असतात. एक आईकडून, एक बापाकडून. दोन्हीं सदोष असलीं तरच हा रोग होतो. एकच सदोष असलें तर कुत्रा स्वतः निरोगी राहतो, पण दोष पिल्लांस देऊं शकतो. अशास वाहक म्हणतात. दोन वाहकांचा संबंध झाला तर सरासरीनें चार पिल्लांमागें एक रोगी, दोन वाहक आणि एक पूर्ण निर्दोष निघतें. वाहकाचा निर्दोषाशीं संबंध झाला तर रोगी एकहि नाहीं. सरासरीनें अर्धीं वाहक व अर्धीं निर्दोष. मुलांनीं हें गणित पाटीवर मांडून पाहावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वाहक कुत्रा दिसण्यांत पूर्ण निरोगी असतो. परीक्षक त्याला कितीहि निरखून पाहो, त्याला काय कळणार? आणि कामांत तरी काय कळणार? लंगडा, आंधळा किंवा भित्रा कुत्रा बिळापाशीं लगेच उघडा पडतो; काम ही परीक्षा खरी आहे, यांत शंका नाहीं. पण वाहक मरेपर्यंत उत्तम काम करितो. इतकेंच नव्हे, तर खुद्द रोगी कुत्र्याच्या यकृतांतहि तांबें वर्षानुवर्षें सांचत जातें आणि लक्षणें बहुधा तो ऐन वयांत आल्यावर दिसतात. तोंवर त्यानें शिकारहि केलेली असते, बक्षीसहि मिळविलेलें असतें, आणि पिल्लेंहि झालेलीं असतात. दोन्हीं वंशांचे पूर्वज मूळचे थोडेच व पुष्कळ अंशीं तेच. एखादा नामांकित नर वाहक असला कीं दोष शेंकडों घरीं पोंचतो; मग तो नर चांदीच्या पेल्यामुळें नामांकित झालेला असो कीं मारलेल्या उंदरांमुळें. म्हणून "आमचा कुत्रा कामाचा, त्याला तपासणी नको" असें म्हणणारा आणि "आमचा कुत्रा पदकांचा, त्याला तपासणी नको" असें म्हणणारा, हे दोघे एकाच चुकीचे धनी होत.

तपासणी पूर्वी कठीण होती. यकृताचा तुकडा काढून पाहण्याखेरीज उपाय नव्हता, आणि त्यानेंहि वाहक ओळखतां येत नसे. २००२ सालीं नेदरलंडांतील संशोधकांनीं तो दोष नेमका कोठें आहे तें शोधिलें : एका जनुकाचा तुकडाच या कुत्र्यांत गळालेला होता. त्या जनुकाचा तांब्याशीं संबंध आहे, हें तोंवर कोणास ठाऊक नव्हतें. आतां गालाच्या आंतून पुसून घेतलेल्या नमुन्यावरूनहि निर्दोष, वाहक व रोगी हा भेद कळतो. तरीहि हें गुणपत्रक अंतिम समजूं नये. ज्यांच्यांत तो तुकडा शाबूत आहे अशाहि कांहीं बेडलिंग्टनांच्या यकृतांत तांबें सांचलेलें आढळलें आहे. रोगी कुत्र्यास तांबें लघवीवाटे काढणारें पेनिसिलामाइन, आंतड्यांतून तें शोषूं न देणारें जस्त, आणि कमी तांब्याचें अन्न यांचा उपयोग होतो. कित्येक धनी लाडानें कुत्र्यास प्राण्यांचें काळीज चारतात. त्यांत तांबें विपुल असल्यानें अशा कुत्र्यास तें विषच होय.

मग सर्व वाहक वंशांतून काढून टाकावे काय? पुष्कळांस हा सोपा मार्ग वाटतो. पण या जातीची संख्या लहान आहे. इतके कुत्रे एकदम वगळले, तर उरलेल्या थोड्यांतच पुन्हा पुन्हा संबंध होऊन, डोळ्यांच्या पडद्याच्या विकृतीसारखे दुसरे लपलेले दोष डोकें वर काढतील. म्हणून जाणते लोक चांगल्या वाहकाचा संबंध तपासलेल्या निर्दोषाशींच करितात, आणि त्या पिल्लांतून निर्दोष निवडून पुढें नेतात. रोगी पिल्लूं जन्मास येत नाहीं, आणि वाहकाचे सद्गुणहि वायां जात नाहींत. एका दोषासाठीं सबंध प्राणी टाकून न देतां, दोष ओळखून त्याची वाट बंद करावयाची, ही युक्ति आहे.

वर्षाच्या अखेरीस गुणपत्रकें घरीं जातात. कोणाला रूपाचें, कोणाला चपळतेचें, कोणाला पाठांतराचें बक्षीस मिळतें, आणि तें योग्यच आहे. परंतु बक्षीस जें पाहतें तेवढेंच सांगतें. बेडलिंग्टनच्या धन्यांना हें शिकावयास फार वर्षें लागलीं आणि पुष्कळ कुत्रे गमवावे लागले. आमच्या वर्गांतील त्या मुलांनीं चित्र पाहून प्रथम कोंकरूं म्हटलें, मग हंसून कुत्रा म्हटलें. तिसरा प्रश्न त्यांपैकीं एका मुलीनें विचारला, आणि तोच आम्हांस सर्वांत आवडला : "गुरुजी, पण तो आंतून बरा आहे का?"