कोतवाल बुकातला मरणाचा रकाना

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अभिलेख कक्षांत वर्षानुवर्षं बांधून ठेवलेले रुमाल सुटले. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. ज्या दप्तरांवर सगळ्यांची नजर गेली त्यांत एक वही अग्रभागी होती : गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. पणजोबा कोणत्या साली वारले हे घरात कुणाला ठाऊक नसतं, ते तिथं सापडतं. पण शोधणाऱ्याचं बोट जातीच्या रकान्यावर थांबतं. तिथं ‘कु.’ दिसलं की नक्कल घ्यायची आणि पुढं जायचं. त्याच ओळीत वय असतं, मृत्यूचं कारण असतं. ते वाचायला कुणाला सवड नाही.

मला या लेखात त्या शेजारच्या रकान्यांबद्दल लिहायचं आहे. आणि ज्या गोष्टींसाठी रकानाच नव्हता त्यांच्याबद्दल जास्त. काळ विसाव्या शतकाची पहिली वीस-पंचवीस वर्षं, मुलूख सोलापूर जिल्ह्याचा.

नोंद कशी व्हायची ते आधी पाहू. गावात माणूस गेला की वर्दी पाटलाकडे जायची, लिहायचं काम कुलकर्ण्याचं. डॉक्टर या साखळीत कुठंच नव्हता. मृत्यूच्या कारणांचे सरकारी गट ठरलेले होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा (सर्पदंश, आत्महत्या त्यातच) आणि ‘इतर’. घरचे जे सांगतील ते यातल्या एखाद्या गटात बसवायचं. मरताना बहुतेकांचं अंग तापलेलं असतंच, म्हणून ‘ताप’ हा गट कायम फुगलेला. हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, क्षय असं सगळं त्यात जमा होई. वय अंदाजानं लिहिलेलं, म्हणून वीस, तीस, चाळीस असे गोल आकडे जास्त.

शिवाय सोलापूरचा नकाशा तेव्हा अखंड नव्हता. इंग्रजी अमलात सोलापूर, बार्शी, माढा, करमाळा, पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस हे सात तालुके. अक्कलकोट वेगळं संस्थान, मंगळवेढं सांगली संस्थानाकडं, पूर्वेला निजामाची हद्द. लेक एका अमलात, माहेर दुसऱ्या अमलात, असं सर्रास. त्यामुळं एकाच भावकीची मरणं तीन दप्तरांत विखुरलेली आहेत. वंशावळ लावताना मधली पिढी सापडत नाही, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

आता वहीबाहेरचं.

मयत झाल्यावर घरातल्यांनी रडायचं आणि बाकीच्यांनी कामाला लागायचं, ही गावाची रीत. बुरुडाकडून कळक, कुंभाराकडून मडकं, वाण्याकडून कापड. तिरडी बांधायला भावकीतले दोन जाणते, कारण गाठी नेहमीसारख्या मारायच्या नाहीत. आंघोळ घालून, तोंडात तुळशीपत्र आणि पाणी घालून प्रेत बाहेर आणायचं. पुढं आगटीचं मडकं धरलेला कर्ता मुलगा, वाटेत विसाव्याला तिरडी टेकून खांदे बदलायचे. सोलापूरकडं आजही अंत्यविधीला जाणं म्हणजे ‘मातीला जाणं’. लग्नाला नाही आला तर चालेल, मातीला यायला पाहिजे होता, हे वाक्य भावकीतल्या भांडणात पिढ्यान्‌पिढ्या उगाळलं जातं. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे, सोयरे भाकरी आणून बळेबळे खाऊ घालतात. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहायची, न्हाव्याकडून केस उतरवायचे, तेराव्याला गोडधोड करून सुतक उतरवायचं. अस्थी शक्यतो चंद्रभागेला. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळून बार्शीला गेली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली आणि १९११ मध्ये लातूरला. त्या अरुंद रुळांवरून वारकरी गेले, तशी फडक्यात बांधलेली हाडंही गेली. आणि पटकीसुद्धा. यात्रेहून परतलेल्यांबरोबर ती गावोगाव पसरते, ही तक्रार आरोग्यखात्याच्या कागदांत पुन्हा पुन्हा येते.

सरणाचं लाकूड हा वेगळा प्रश्न होता, आणि त्याकडं पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही असं मला वाटतं. सोलापूर हा काळ्या जमिनीचा, शाळूचा, उघड्या माळाचा मुलूख. बांधावर बाभळ, विहिरीजवळ लिंब. जळण म्हणजे तुरकाट्या आणि गोवऱ्या. एक प्रेत नीट जळायला काही मण लाकूड लागतं. ते एका घरात असण्याचा संभव कमी. म्हणून मातीला येणाऱ्यानं सरणावर गोवरी टाकायची. पुढं ती रीत म्हणून उरली, पण मुळात तो हिशेब होता. ज्यांच्याकडं तेवढंही नव्हतं ते पुरत. पुरणं की जाळणं हे जातीवर आणि पंथावर ठरतं असं आपण समजतो. ते खरंच आहे, पण या भागात ते झाडांवर आणि जनावरांवरही ठरत होतं. दुष्काळात गुरं मेली की गोवऱ्याही संपत. १८९१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या ७,५०,६८९ होती, १९०१ मध्ये ती ७,२०,९७७ भरली. मधल्या दहा वर्षांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आणि प्लेगची सुरुवात. जवळपास तीस हजारांची ही घट केवळ मृत्यूंची नाही, देशोधडीला लागलेलेही तीत आहेत. जे वाटेत गेले त्यांची नोंद कोणत्या गावच्या वहीत झाली असेल?

लिंगायतांना मात्र सरणाची अडचण नव्हती. सोलापूर, अक्कलकोट, बार्शी या पट्ट्यात त्यांची वस्ती मोठी. त्यांच्यात माणूस मरत नाही, लिंगैक्य होतो. देह बसता ठेवायचा, भस्म लावायचं, फुलांनी सजवलेल्या विमानात बसवून वाजतगाजत न्यायचं, जंगमाच्या हातून विधी करून इष्टलिंगासह मातीत बसवायचं. मृत्यूचा विटाळ तत्त्वतः त्यांना मान्य नाही. बाराव्या शतकातल्या शरणांनी सुतकं नाकारली ती या अर्थानं फार मोठी गोष्ट होती : मेलेल्याच्या घराला दहा दिवस वाळीत टाकल्यासारखं वागवायचं नाही. शेजारी राहून राहून पुढं लिंगायतांनीही दिवस घातले आणि मराठ्यांनी भजनाची साथ घेतली, ही देवाणघेवाण गावात व्हायचीच.

मयताच्या सगळ्या कामांत सर्वांत कष्टाचं काम सांगाव्याचं. तार तालुक्याच्या गावी, टपाल आठवड्यातून कधीतरी. प्रेत तर संध्याकाळच्या आत उचललं पाहिजे. लेक दहा कोसांवर दिली आहे, तिला तोंड दिसलं पाहिजे. मग महारानं निघायचं. ऊन असो, सीनेला पूर असो, रात्र असो. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ मध्ये आलं. गावकामगारांची कामं आणि त्यांचे हक्क कसे एकमेकांत अडकले होते हे समजून घ्यायला त्याहून चांगलं पुस्तक त्या काळात नाही, आत्रे यांची दृष्टी मात्र महसूल खात्यातल्या माणसाची आहे हे वाचताना ध्यानात ठेवावं. गावकीच्या कामांची यादी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही दिली आहे, आणि तीत मृत्यूची बातमी परगावच्या नातेवाइकांना पोचवणं आहे, कितीही दूर असलं तरी आणि मोबदल्याविना. सरणाची लाकडं फोडायला, वाहायला महारच. बदल्यात प्रेतावरचं कापड. याला ‘हक्क’ म्हणायचं! ज्याच्या पायांवर अख्ख्या गावाचं शेवटचं दर्शन अवलंबून होतं, त्याच्या स्वतःच्या माणसाला गावाच्या मसणवट्यात जागा नव्हती.

याच जिल्ह्यात चोखोबांची कथा घडली. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि वेठीला लावलेले मजूर त्याखाली गाडले गेले, चोखामेळा त्यांतले एक. नामदेवांनी ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून वेचली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. वारकरी ही कथा भक्तीची म्हणून सांगतात. मला तीत दुसरंही दिसतं : बाकीच्या मजुरांची हाडं कुणी वेचली, हे कथा सांगत नाही.

१९२८ मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात, महारांना या गावकीच्या कामांना बांधून ठेवणाऱ्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. ते पार पडलं नाही. गावोगावच्या महारांनी मात्र कायद्याची वाट न पाहता सांगावा आणि कापड दोन्ही नाकारायला सुरुवात केली आणि त्यापायी बहिष्कार सोसले. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा.

बायकांचं मरण वेगळं मोजलं जाई. नवऱ्याआधी गेली तर अहेव मरण : हिरवं लुगडं, हिरवा चुडा, मळवट भरलेला, ओटी भरलेली. जात्यावरच्या ओव्यांत बाई हे मरण मागते, आणि एकदा नाही, हजार वेळा मागते. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुढाकार घेऊन गोळा केलेल्या ओव्यांचा आकडा लाखाच्या वर आहे. त्यांत आईच्या मरणाच्या ओव्या वाचताना एक गोष्ट जाणवते. वहीत जिथं ‘स्त्री, वय अंदाजे ४०, ताप’ एवढंच असतं, तिथं ओवीत सरण कुठं रचलं, भाऊ कुठं उभा होता, लुगडं कुणी आणलं, हे सगळं असतं. माहेरचं लुगडं आलं की नाही यावरून तर मयताच्या दारात मानापमान होत. मागं राहिलेल्या बाईचं काय व्हायचं हे जातीवर होतं. कुणब्या-मराठ्यांत, धनगरांत पाटाची वाट असे (कुळवाडीपण सोडून मोठेपणाकडं निघालेली घराणी ती बंद करत चालली होती), ब्राह्मणांत केशवपन. पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५ मध्ये अनाथ बालकांसाठी आश्रम काढला, कारण यात्रेचं निमित्त करून आलेल्या विधवा तिथं बाळंत होऊन मूल मागं ठेवून जात. आणि दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक. गेलेली घरातच राहायची, नव्या बाईच्या मानेवर.

मुलांबद्दल थोडंच लिहितो. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात; दिवस घालत नाहीत. हिंदुस्थानात १९११ ते १९२१ या दशकात जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतं, आणि ते इतकं खाली ओढलं ते मुख्यतः या पुरलेल्या मुलांनी. दोन-तीन मुलं गेली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरबा, भिकू ठेवायचं, म्हणजे सटवाईची किंवा मरीआईची नजर जायची नाही. जन्माच्या पानावर असं नाव दिसलं, तर त्याच घरातली मृत्यूची नोंद दोन-चार वर्षं मागं शोधून पाहावी.

ही सगळी व्यवस्था १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीनं मोडली.

त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीलगतचे पोलीस शिपाई तापानं आजारी पडले. पहिली लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबरात आली. मुंबई शहरात ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं दगावली. रोग आगगाडीनं निघाला, आणि सोलापूर मुंबईशी रुळांनी जोडलेलं. त्यात त्या वर्षी पावसानं दगा दिलेला, धान्य महागलेलं. लोकांनी या तापाला मानमोडी म्हटलं. प्लेगाच्या वेळी गावाला एक उपाय माहीत होता : उंदीर पडू लागले की गाव उठून माळावर झोपड्या टाकायच्या. पटकीसाठी मरीआईचा गाडा शिवेपार न्यायचा. मानमोडीला यातलं काहीच लागू पडेना, कारण दोन दिवसांत अर्धं गाव अंथरुणाला खिळलेलं. खांदे द्यायला चौघं उभे राहीनात, सांगावा न्यायला माणूस नाही, आणि गेला तरी तिकडच्या घरात त्याहून वाईट अवस्था. लाकूड पुरत नसल्यानं प्रेतं नदीत सोडल्याचं त्या वेळच्या सरकारी अहवालांत आहे. एरवीच्या साथी म्हातारे आणि पोरं नेतात. या तापानं वीस ते चाळीस वयाची कमावती माणसं नेली, आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त. उपाशी राहून आजाऱ्यांची सेवा त्याच करत होत्या.

एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक मृत्यू झाले. सबंध हिंदुस्थानासाठी आय. डी. मिल्स यांनी १९८६ मध्ये १.७ ते १.८ कोटींचा अंदाज केला. सिद्धार्थ चंद्र आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तो सुमारे १.४ कोटींवर आणला. दोन अभ्यासांत तीस-चाळीस लाख माणसांचा फरक पडतो, कारण मुळातल्या नोंदीच कच्च्या. वर्दी देणारा, वर्दी घेणारा आणि लिहिणारा तिघंही एकाच वेळी तापानं पडल्यावर दुसरं काय होणार? आणि जे लिहिलं गेलं तेही बहुतेक ‘ताप’ या जुन्याच रकान्यात. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या घटली. शिरगणती सुरू झाल्यापासून असं त्या एकाच दशकात झालं.

म्हणून कोतवाल बुक उघडायची संधी आली असताना ती वाया जाऊ नये असं वाटतं. आपल्या गावच्या वहीत १९१८ च्या सप्टेंबर ते डिसेंबरची पानं पाहा. एका आडनावाच्या ओळी लागोपाठ येतात का, तारखांत किती अंतर आहे, बायका किती, वयं काय, आणि मध्येच काही आठवडे नोंदच नाही असं दिसतं का. हे काम सरकारी समितीचं नाही, ते आपलं आहे, आणि मोडी वाचणारी माणसं सध्या हाताशी आहेत. घरात नव्वदीतलं कुणी असेल तर त्यांच्या आईबापांकडून मानमोडीचं काय ऐकलं होतं ते आजच लिहून घ्या. आणि तहसीलमध्ये नकलेचा अर्ज कराल तेव्हा आपल्या पूर्वजाच्या एका ओळीची नको, सबंध पानाची नक्कल मागा.