चटईक्षेत्राचे चलन आणि लोणीची वेस

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात, धामणीच्या शेजारी वसलेल्या लोणी या गावात एखाद्या खासगी विकसकाने अल्प उत्पन्न गटासाठी गृहसंकुल उभारावे, अशी अपेक्षा कोणी करत नाही. त्याचे कारण शासनाच्या अनास्थेपेक्षा शासन देत असलेल्या सवलतींच्या स्वरूपात अधिक सापडते. परवडणारी घरे बांधून घेण्यासाठी महाराष्ट्राने गेली तीन दशके विकसकांना मोबदला दिला तो मुख्यतः रोख पैशात नव्हे, तर अधिक बांधकाम करण्याच्या परवानगीत. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणाऱ्या आकड्याला चटईक्षेत्र निर्देशांक, अर्थात एफएसआय, म्हणतात. 1,000 चौरस मीटरच्या भूखंडावर हा निर्देशांक 2 असेल तर 2,000 चौरस मीटर बांधता येते, आणि तो 3 केला की तिजोरीतील एक रुपयाही खर्च न होता विकसकाच्या हाती विक्रीयोग्य असे आणखी 1,000 चौरस मीटर येतात. हे चलन शासन हवे तेवढे पाडू शकते. मात्र त्याची किंमत शासन ठरवत नाही, ती त्या जागेचा बाजारभाव ठरवतो.

या तत्त्वावर उभी राहिलेली सर्वांत मोठी व्यवस्था म्हणजे मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन योजना. अफझुलपूरकर समितीच्या शिफारशींनंतर 1995 च्या अखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि पात्र झोपडीधारकाला 225 चौरस फुटांचे घर विनामूल्य द्यायचे, त्याचा खर्च विकसकाने त्याच जागेवर खुल्या बाजारात विकायच्या सदनिकांतून भरून काढायचा, असे सूत्र ठरले. या सूत्रातील प्रमाण बोलके आहे. पुनर्वसनाच्या प्रत्येक 10 चौरस फुटांमागे विकसकाला विक्रीसाठी मुंबई शहरात 7.5, उपनगरांत 10 आणि धारावीसारख्या अवघड वस्तीत 13.3 चौरस फूट मिळत. जागा जितकी महाग तितके बक्षीस कमी, कारण तेथे थोडे क्षेत्रही पुरेसा नफा देते, हा हिशेब नियम करणाऱ्यांना पक्का ठाऊक होता. हाच हिशेब पुढे नेला तर जेथे जमिनीला शहरी भावच नाही तेथे कितीही चौरस फूट देऊ केले तरी ते घ्यायला कोणी येणार नाही, हेही उघड होते. पण त्याची वाच्यता फारशी होत नाही.

चलन भरपूर देऊनही वस्तू चुकीची मिळू शकते, याचा दाखला मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने 2008 मध्ये आणलेल्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेत सापडतो. विकसकाला 4 एवढा निर्देशांक देऊन त्यातील चौथा हिस्सा 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या रूपाने प्राधिकरणाला विनामूल्य मिळायचा होता. एवढ्याशा खोलीत कुटुंब कसे राहणार, आणि अशा दाट वस्तीला पाणी व मलनिःसारण कोठून पुरवायचे, हे प्रश्न मागाहून ऐरणीवर आले; योजनेचे स्वरूप बदलावे लागले आणि पनवेलजवळच्या कोन येथील घरे तर पुढे भाडेकरूंऐवजी गिरणी कामगारांच्या सोडतीत गेली.

पुणे परिसरात चलन तेच असले तरी त्याच्या जोडीला सक्ती आहे. 2013 च्या अखेरीस लागू झालेल्या समावेशक गृहनिर्माणाच्या नियमानुसार, 10 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प उभारणाऱ्याने 20 टक्के हिस्सा आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी लहान सदनिकांच्या रूपात बांधावयाचा असतो. या सदनिका म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, सोडतीतून जातात आणि त्यांची किंमत बाजारभावाने नव्हे, तर शासनाच्या दरतक्त्यातील बांधकाम खर्चावर ठरावीक टक्के चढवून निघते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील अशी घरे म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतींत नियमित दिसतात. तरीही मर्यादा 4,000 चौरस मीटरवर आखली की भूखंडांचे तुकडे करून तिच्याखाली राहण्याचा मोह निर्माण होतो, आणि ज्या महापालिकेने घरे म्हाडाच्या पदरात टाकायची तीच ढिली पडली तर नियम कागदावर उरतो; 2022 मध्ये नाशिकमधील अशा घरांचा प्रश्न विधिमंडळात गाजला तो यामुळेच.

केंद्राने दिलेल्या सवलती मात्र रोख आणि कर या स्वरूपाच्या आहेत. 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत, किमान 250 घरांच्या आणि त्यांतील 35 टक्के घरे दुर्बल घटकांसाठी असलेल्या भागीदारी प्रकल्पांना अशा प्रत्येक घरामागे दीड लाख रुपये केंद्राकडून आणि 1 लाख राज्याकडून मिळत. जून 2016 ते मार्च 2022 या काळात मंजूर झालेल्या परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांना, अटी पाळल्यास, नफ्यावर आयकरातून पूर्ण वजावट मिळाली. एप्रिल 2019 पासून 45 लाखांपर्यंतच्या बांधकामाधीन परवडणाऱ्या घरावर जीएसटी 1 टक्का, तर इतर घरांवर 5 टक्के आहे. क्षेत्राची कमाल मर्यादा मुंबई महानगरात 60 चौरस मीटर आणि पुण्यासारख्या, या व्याख्येत महानगर न ठरलेल्या शहरांत 90 चौरस मीटर. किमतीची मर्यादा मात्र दोन्हीकडे एकच आहे, आणि जी रक्कम मुंबईच्या मध्यवर्ती भागात एका खोलीलाही पुरत नाही तीत आंबेगाव तालुक्यातील मंचरसारख्या गावी ऐसपैस घर होते, हे लक्षात घेतले तर ‘परवडणारे’ या शब्दाची सरकारी व्याख्या किती ढोबळ आहे ते कळते.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचा या सवलतींशी खरा संबंध येतो तो तेथून बाहेर पडलेल्या माणसांमुळे. मुंबईच्या बाजारपेठांतील माथाडी कामगार आणि शहरभर जेवणाचे डबे पोहोचवणारे डबेवाले यांत या तालुक्यांतील, तसेच खेड व मावळातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. डबेवाल्यांसाठी 12,000 घरांची घोषणा 2024 मध्ये झाली तीही खासगी विकसकाच्या सहभागावर आधारलेली, आणि घरे नियोजली गेली ती त्यांच्या कामाच्या ठिकाणापासून दूर, ठाणे जिल्ह्यात.

जो गावीच राहिला त्याच्यासाठी विकसक हा दुवाच गळून पडतो. ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील लाभार्थ्याला 1 लाख 20 हजार रुपये थेट खात्यावर, हप्त्याहप्त्याने मिळतात, रोजगार हमीतून सुमारे 90 दिवसांची मजुरी त्यात जोडली जाते आणि शौचालयासाठी 12,000 रुपये वेगळे असतात. बांधायचे घर किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे 269 चौरस फुटांचे. योगायोग असा की मुंबईतील पुनर्वसनाचे विनामूल्य घरही 2008 मध्ये 225 वरून 269 चौरस फुटांवर नेण्यात आले होते. तेथे जमीन इतकी मोलाची की तिच्यावरील उरलेल्या हक्कातून घराचा खर्च निघतो. लोणीत अनुदान खात्यावर येते, पण ज्याच्या नावावर गावठाणात जागाच नाही त्याला आधी घरकुलाची जागा विकत घेण्यासाठी असलेल्या दीनदयाळ उपाध्याय योजनेचा अर्ज भरावा लागतो.