अंबरनाथचें शिवालय : एका दिवसाची वाट व एका अंकाचा निर्णय

ठाणें जिल्ह्यांतील अंबरनाथचें शिवालय हें उत्तर कोंकणच्या शिलाहारांच्या वास्तूंत अग्रगण्य होय, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. त्याच्या दारावरील शिलालेख मुद्रित होऊन दीडशें वर्षांच्या आसपास लोटलीं. तथापि लेख वाचणारे बहुधा देवालयापर्यंत जात नाहींत व देवालयीं जाणारे लेखाकडे मान वर करून पाहत नाहींत. ताम्रपट व दफ्तर घरीं आणून अभ्यासितां येतें. शिळेवरील लेख मात्र ज्या भिंतींत बसविला त्या भिंतीसहच वाचावा लागतो. याकरितां एका दिवसांत होणाऱ्या या छोट्या प्रवासाची वाट, तेथें काय व कोणत्या क्रमानें पाहावें, आणि त्या लेखांतील एका अंकानें कोणता मोठा निर्णय केला, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम वाट. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गानें कल्याण ५४ किलोमीटर, उल्हासनगर ५८, अंबरनाथ ६० व बदलापूर ६८ किलोमीटरांवर आहे. आगगाडी कल्याणास १८५४ सालीं पोहोंचली व तेथून बोरघाटाच्या दिशेचा फांटा १८५६ सालीं वाहता झाला. हा फांटा ज्या खोऱ्यांतून जातो तें उल्हास नदीचें खोरें होय. कल्याण हें प्राचीन बंदर. तेथून सह्याद्रीकडे चढणारा व्यापार याच बाजूंनीं घाटांच्या तोंडाशीं जाई. बदलापूर हें नांव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडलें अशी लोकांची समजूत आहे. ती व्युत्पत्ति म्हणून स्वीकारावी असा आमचा आग्रह नाहीं. परंतु ही वहिवाटीची वाट होती एवढी आठवण त्या समजुतींत शिल्लक राहिली आहे, असें आम्हांस वाटतें. ज्यांस सवड असेल त्यांनीं परततांना बदलापुरापर्यंत जाऊन उल्हास नदीचें पात्र पाहावें, म्हणजे राजधानीपासून दूर, आज आडबाजूस वाटणाऱ्या जागीं एवढें देवालय कां उभें राहिलें याचा कांहीं उलगडा होतो.

उल्हासनगर हें नांव मात्र अर्वाचीन. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणनजीक सैन्याची मोठी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस त्या छावणींतील बराकींत आसरा मिळाला व १९४९ सालीं त्या वसाहतीस नदीवरून उल्हासनगर हें नांव देण्यांत आलें. जुन्या इंग्रजी वृत्तांतांतील वर्णनें हातीं घेऊन जाणाऱ्यानें ही गोष्ट ध्यानीं ठेवावी. कारण त्या वृत्तांतांत देवालयाभोंवतीं शेतें व झाडी आहे, आणि आज अंबरनाथ व उल्हासनगर या दोन्ही वस्त्या देवालयापर्यंत येऊन भिडल्या आहेत. अंबरनाथ स्थानकाच्या पूर्वेस उतरून सुमारें दोन किलोमीटर गेलें कीं वालधुनी नदीच्या कांठीं देवालय लागतें.

चौघांपांचांचा मेळ असावा. त्यांपैकीं एकास जुन्या नागरी अक्षरांची ओळख असावी व एकाच्या हातीं छायाचित्राचें साहित्य असावें. देवालयांत आजही पूजा चालू आहे व महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. तेव्हां तो दिवस व सोमवार टाळून जावें, आणि आंत शिरण्यापूर्वीं पुजाऱ्यांस आपला हेतु सांगावा. वाटाड्या म्हणून स्थानिक जाणत्या माणसाइतका उपयोगी दुसरा कोणी नाहीं. कोणत्या वेळीं कोणत्या भिंतीवर ऊन येतें हें त्यासच ठाऊक असतें.

पोहोंचतांच आंत न जातां बाहेरून एक प्रदक्षिणा करावी. देवालय पश्चिमाभिमुख असून काळ्या पाषाणाचें आहे. सभामंडपास पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन दिशांस मुखमंडप आहेत व पूर्वेस गाभारा आहे. भिंती सरळ न ठेवतां त्यांस कोनामागून कोन पाडले आहेत. त्यामुळें प्रत्येक कोनावर एकेक मूर्ति बसविण्यास जागा मिळाली, आणि सूर्य फिरतो तसतशी छाया फिरून एकामागून एक मूर्ति उजेडांत येते. नृत्य करणारा शिव, ब्रह्मदेव, अस्थिपंजर चामुंडा, शिवपार्वतींचा विवाह हे प्रसंग शोधावे. मांडीवर स्त्री घेतलेली तीन मुखांची एक पुरुषमूर्ति एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांचें लक्ष वेधीत आली आहे. पुष्कळ मूर्तींचे हात व तोंडें झिजलीं आहेत. म्हणून आयुधांवरून नांव देण्याची घाई न करितां जें दिसतें तेवढेंच टिपणांत उतरावें.

मग सभामंडपांत यावें. हा सुमारें २३ फूट चौरस असून मधल्या चार खांबांवर छताचा भार तोलला आहे. खांबांवरील कोरींव काम इतकें दाट आहे कीं रिकामी जागा क्वचितच सांपडते. मंडपांतून पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत जावें लागतें. गाभारा सुमारें १४ फूट चौरस असून त्याची जमीन मंडपाच्या बरीच खालीं आहे. तेथें उभें राहून वर पाहिलें असतां आकाश दिसतें. कारण शिखर अपुरें आहे. तें मुळींच पुरें झालें नाहीं कीं पुढें ढासळलें, याविषयीं दुमत आहे. या प्रश्नाकडे आपण पुन्हां येऊं.

आतां लेख. तो उत्तरेकडील दाराच्या उत्तरांगावर, म्हणजे दारावरील आडव्या शिळेवर, आंतल्या अंगास कोरला आहे. भाषा संस्कृत व लिपि नागरी. त्यांत महामंडलेश्वर माम्वाणिराजदेवाचें नांव, कांहीं अधिकाऱ्यांचीं नांवें, छित्तराजदेवाच्या भवनाचा उल्लेख व शकवर्ष हीं आहेत. प्रथम डॉक्टर भाऊ दाजी यांनीं हा लेख प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांनीं शकाचा आंकडा ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असा सुधारला. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखालीं तयार झालेले. गुरूच्या वाचनास शिष्यानें दुरुस्ती करावी व विद्वानांनीं ती मान्य करावी, हा आपल्या संशोधनाच्या इतिहासांतील एक चांगला प्रसंग होय.

शके ७८२ म्हणजे इ. स. ८६०, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६०. झिजलेल्या दगडांत एका अंकाचें वळण अस्पष्ट झालें आणि देवालयाचें वय दोनशें वर्षांनीं बदललें. परंतु केवळ डोळ्यांच्या भरंवशावर हा वाद मिटत नाहीं. एकास सात दिसतो व दुसऱ्यास नऊ दिसतो, तर तिसऱ्यानें कोणाचें ऐकावें? येथें इतर साधनांची साक्ष काढली पाहिजे, आणि ती साक्ष स्पष्ट आहे.

कान्हेरीच्या लेण्यांत शिलाहारांच्या आरंभकाळचे तीन लेख आहेत. शके ७६५ (इ. स. ८४३) च्या लेखांत पुल्लशक्ति राज्य करीत आहे, शके ७७५ (इ. स. ८५३) व शके ७९९ (इ. स. ८७७) या दोन्ही लेखांत त्याचा पुत्र दुसरा कपर्दी आहे. म्हणजे शके ७८२ हें वर्ष कपर्दीच्या दोन लेखांच्या मध्यें पडतें. त्या वर्षीं माम्वाणि कोठून येणार? उलट छित्तराजाचा भांडुप येथें सांपडलेला ताम्रपट शके ९४८ (इ. स. १०२६) चा आहे, आणि माम्वाणि म्हणजेच मुम्मुणिराज याचा ठाणें येथील ताम्रपट शके ९७० चा आहे. छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणि हे तिघे सख्खे भाऊ क्रमानें गादीवर आले. छित्तराजाचें स्मरण करणारा मुम्मुणीचा लेख शके ९७० च्या मागेंपुढेंच असावयास पाहिजे. तेव्हां ९८२ हें वाचन डोळ्यांस पटो वा न पटो, राजवंशाच्या क्रमानें तें सिद्ध होतें. झिजलेला अंक वाचण्याची खरी रीति हीच. प्रथम अक्षर पाहावें, नंतर त्या अक्षरानें जो इतिहास मानणें भाग पडतें तो इतर साधनांशीं जुळतो कीं नाहीं हें पाहावें, आणि न जुळल्यास पुन्हां अक्षराकडे यावें. संग्राहकांच्या हातीं येणाऱ्या सनदा व पोथ्या यांच्या कालनिर्णयासही हाच नियम लागू आहे.

लेखांतील भवन या शब्दाचा नुसत्या कोशावरून राजवाडा असाही अर्थ होऊं शकेल. परंतु लेख देवालयाच्या द्वारावर आहे. म्हणून येथें देवभवन, म्हणजे छित्तराजाचें म्हणून ओळखलें जाणारें देवालय, असाच अर्थ घेणें प्राप्त आहे. यावरून छित्तराजानें काम आरंभिलें व मुम्मुणीच्या कारकीर्दींत तें तडीस गेलें, असें सामान्यतः मानितात. लेख जर भिंतींतून काढून एखाद्या संग्रहालयांत नेला असता, तर या शब्दाचा अर्थ ठरविण्याचें साधनच नष्ट झालें असतें. मूळ स्थान हाही पुराव्याचा भाग आहे, हें जुन्या वस्तु गोळा करणाऱ्या आम्हां सर्वांस वारंवार स्वतःस बजावावें लागतें.

कालनिर्णय झाल्यावर शैलीचा प्रश्न सुटा होतो. शिखराचा जो भाग उभा आहे तो भूमिज पद्धतीचा आहे. म्हणजे चारी बाजूंस वर चढत जाणारे मुख्य पट्टे व त्यांच्या मधल्या जागेंत लहान लहान शिखरांच्या आडव्याउभ्या ओळी. या पद्धतीचा सुप्रसिद्ध नमुना माळव्यांतील उदयपूर येथील परमार उदयादित्याचें उदयेश्वर मंदिर होय. त्याचें काम इ. स. १०५९ च्या सुमारास सुरू होऊन १०८० मध्यें पुरें झालें. म्हणजे तें मंदिर आरंभिलें जात असतां अंबरनाथच्या दारावर लेख कोरला जात होता. शके ७८२ हें वाचन टिकलें असतें तर या पद्धतीचा जन्म कोंकणांत माळव्याच्या दोनशें वर्षें आधीं झाला, असा विपरीत सिद्धांत मांडावा लागला असता. माळवा व कोंकण यांचा संबंध केवळ तर्काचा नाहीं. परमार भोजाच्या इ. स. १०२० च्या बांसवाडा व बेटमा येथील दानपत्रांत त्याच्या कोंकणविजयाचा निर्देश आहे. मात्र स्वारीबरोबर शिल्पी आले, कीं व्यापाराच्या वाटेनें पद्धति आली, हें या दानपत्रांवरून ठरत नाहीं. हीच पद्धति पुढें सिन्नरच्या गोंदेश्वरांत घाटावर पूर्ण रूपांत दिसते. ज्यांनीं अंबरनाथचें अपुरें शिखर पाहिलें त्यांनीं सिन्नर अवश्य पाहावें. अंबरनाथास जें नाहीं तें कसें असतें हें तेथें कळतें.

शिखराच्या प्रश्नास आमच्या मतें जुनीं चित्रेंच थोडीबहुत मदत करतील. १८६८ सालीं सरकारी खर्चानें मुंबईच्या कलाशाळेंतील मंडळींनीं येथें येऊन रेखाटनें केलीं व शिल्पांचे साचे घेतले. १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत देवालयाचें विस्तृत वर्णन आहे. हेन्री कझिन्स यांच्या १९३१ सालच्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथांतही त्याचा विचार आहे, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं १९७७ सालीं शिलाहारांचे लेख एकत्र प्रसिद्ध केले. हीं साधनें समोर ठेवून आजचें एकेक शिल्प ताडून पाहिलें असतां दीडशें वर्षांत काय झिजलें व काय पडलें याचें माप निघेल. हें काम कोणीही मन लावून करूं शकेल; त्यास पांडित्यापेक्षां चिकाटी अधिक लागते.

देवालय केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. लेखावर खडू, शाई, तेल किंवा पाणी यांपैकीं कांहींही लावूं नये. ठसा घ्यावयाचा तर खात्याची लेखी परवानगी घेतल्याविना कागद भिंतीस टेकवूं नये. खडूनें अक्षरें उजळण्याची संवय फार वाईट. जो अंक आपणांस दिसला तोच पुढच्यास दिसावा, अशी ती जबरदस्ती होय. दिवा समोरून न धरितां एका बाजूनें, भिंतीशीं जवळजवळ समांतर धरावा. म्हणजे खोलगट रेघांत छाया पडून अक्षरें उठून दिसतात. प्रकाश चारी बाजूंनीं फिरवून चार निरनिराळीं छायाचित्रें घ्यावीं, कारण एका दिशेच्या उजेडांत चीरही रेघ म्हणून दिसते. प्रत्येक चित्रावर तारीख, वेळ व प्रकाशाची दिशा नोंदवावी.

शेवटीं आमच्या वाचकांस एक विनंति. पुष्कळांच्या घरीं वडिलोपार्जित कागदांत या देवालयाचीं जुनीं छायाचित्रें, प्रवासाचीं टिपणें, यात्रेच्या खर्चाच्या याद्या किंवा लेखाचे ठसे पडून असतील. अशा कागदांस किंमत नाहीं असें समजून ते रद्दींत घालण्यांत येतात. त्यांवर साल असेल तर जपून ठेवावें. नसेल तर कोणाच्या दफ्तरांतून आले तें लिहून ठेवावें, आणि त्यांची एक प्रत एखाद्या संशोधनसंस्थेकडे द्यावी. ज्या शिळेवरील एका अंकावर दोनशें वर्षांचा इतिहास अवलंबून राहिला, ती शिळा उद्यां आणखी झिजणार आहे. ती झिजण्यापूर्वीं कशी होती, हें सांगणारा कागद कोणाच्या पेटींत आहे तें त्याच्या मालकासच शोधावें लागेल.