जर्मनीतील रस्ता आणि परस्परविश्वास
जर्मनीत वास्तव्यास गेलेल्या महाराष्ट्रीय गृहस्थाला आपला भारतीय वाहनचालक परवाना सामान्यतः पहिले ६ महिनेच चालतो, हा कायदा चटकन कळतो. परंतु ज्या चौकात खूण वा दिवा नाही, तेथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क प्रथम, या नियमावर तेथील चालक किती निःशंकपणे विसंबतो, हे अंगवळणी पडण्यास अवधी लागतो. आपल्याकडे हॉर्न म्हणजे आगमनाची वर्दी. तेथे वस्तीत तो केवळ धोक्याच्या प्रसंगीच वाजवावा, असा दंडक आहे. महामार्गावर वाहतूक तुंबू लागताच डावी रांग डावीकडे व उरलेल्या उजवीकडे सरकून, रुग्णवाहिका दृष्टीस पडण्यापूर्वीच तिच्यासाठी मधली वाट मोकळी करतात. अपरिचिताच्या प्राणांविषयीची ही पूर्वदक्षता आपणही अवश्य आत्मसात करावी.