बाबागाडी घ्यायची तर आधी उचलून बघा

लग्नसराई आणि उन्हाळ्याच्या सुट्या तोंडावर आल्या की एक प्रश्न दरवर्षी येतो. लेकरू आठ-दहा महिन्यांचं आहे, पुण्याला नाहीतर मुंबईला जायचं आहे, मोबाइलवर घडीची बाबागाडी दिसते, खाली ‘अगदी हलकी, प्रवासाला उत्तम’ असं लिहिलेलं असतं. घ्यावी का? आणि घ्यायची तर कोणती?

प्रश्न साधा वाटतो, पण पैसा थोडाथोडका नाही. साधी घडीची गाडी तीन-चार हजारांच्या आसपास मिळते. अगदी लहान घडी होणारी, पट्ट्यानं खांद्याला अडकवता येणारी घ्यायची म्हटलं तर सात-आठ हजार आणि त्याच्याही वर. म्हणजे दीड-दोन क्विंटल सोयाबीन गेलं. एवढं देऊन आणलेली गाडी दोन फेऱ्यांनंतर माळ्यावर जाऊन पडली, आणि तिच्यात कांदे-लसूण ठेवायला लागले, असं मी दोन-तीन घरांत पाहिलं आहे. गाडी वाईट नव्हती. ती ज्या रस्त्यासाठी केली होती, तो रस्ता आपला नव्हता.

ही हलकी गाडी आली कुठून, तेही ऐका. इंग्लंडमध्ये ओवेन मॅकलारेन नावाचा विमानांचा इंजिनिअर होता. विमानाची चाकं उड्डाणानंतर पोटात कशी मिटून घ्यायची, हे त्याच्या कामातलं कौशल्य. त्याची लेक मॉस्कोहून तान्ह्या लेकराला घेऊन माहेरी आली, तेव्हा तिच्या जड बाबागाडीचा त्रास त्यानं पाहिला. मग त्यानं अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. १९६५ साली तिचं पेटंट घेतलं आणि १९६७ पासून ती विकायला आली. वजन तीन किलोंच्या आत. आता बघा, म्हाताऱ्यानं सोडवला तो प्रश्न गाडी ढकलण्याचा नव्हता. उचलण्याचा होता. आपण दुकानात मात्र उलटं करतो. चकचकीत फरशीवर गाडी ढकलून बघतो आणि म्हणतो, किती हलकी चालते!

फरशीवर सगळ्याच चालतात. खरी परीक्षा परभणीच्या बसस्टँडवर असते. गंगाखेडची नाहीतर जिंतूरची गाडी लागली, माणसं दाराकडे धावली, आणि तुमच्याकडे एक लेकरू, एक पिशवी आणि एक उघडी बाबागाडी. एसटीच्या पायऱ्या उंच, दार अरुंद. त्या वेळी लेकरू कडेवर ठेवून, खाली न ठेवता, एका हातानं गाडी मिटते का? मिटली की ती तशीच मिटलेली राहते का, की उचलताच पुन्हा पाय पसरते? धरायला मूठ किंवा खांद्याला पट्टा आहे का? ही तीन उत्तरं चांगली असतील, तर पुढचं बघायचं. नसतील तर रंग कितीही छान असो, ठेवून द्या.

वजनाचा हिशोबही असाच करा. खोक्यावर ‘सहा किलो’ लिहिलेलं कमी वाटतं. पण वर्षाचं लेकरू साधारण नऊ किलोंचं. त्यात गाडी सहा, आणि कपडे, पाणी, डबा, दुपटी यांची पिशवी पाच. झाले वीस किलो. पाण्यानं भरलेल्या दहा-दहा लिटरच्या दोन बादल्या घेऊन रेल्वेचा जिना चढायचा, असं समजा. एकटीनं प्रवास करणारीला पाच किलोंच्या वरची गाडी जड जाते, असं माझं मत. सोबत घरचं कुणी असेल तर सात किलोंचीही चालते, आणि ती थोडी दणकट असते. एसटीत २०२३ च्या मार्चपासून आपल्याला अर्धं तिकीट झाल्यापासून बाया लेकरं घेऊन एकट्या जास्त निघायला लागल्या आहेत. म्हणून एकटीचा हिशोब आधी सांगितला.

घडीचे मुख्य प्रकार दोन. एक छत्रीसारखी मिटून लांब दांडा होते. ती हलकी, स्वस्त, आणि एसटीत सीटच्या कडेला उभी राहते. पण तिची पाठ बहुधा पूर्ण मागे जात नाही आणि खाली सामानाची टोपली नसते किंवा नावापुरती असते. दुसरी मिटून सुटकेससारखी चौकोनी होते. ती रेल्वेच्या बाकाखाली सरकते, पण महाग असते. माप घ्यायला टेप नसेल तर आपला हात आहेच. मिटलेली गाडी सव्वा हातापेक्षा लांब नसेल तर बाकाखालची काळजी मिटली.

आता चाकांचं. हलकेपणा फुकट मिळत नाही. बहुतेक वेळा तो चाकांतून काढलेला असतो. लहान, कडक प्लॅस्टिकची चाकं मॉलमध्ये पळतात, पण मुरमाच्या रस्त्यावर खडखडतात आणि खडा आला की अडतात. गाडी अडली की आपला जोर पुढे जातो आणि लेकरू पट्ट्यावर आदळतं. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत तर बैलगाडीचं चाक रुततं, या चार बोटांच्या चाकाचं काय घेऊन बसलात! म्हणून गावातल्या रोजच्या वापरासाठी हलकी गाडी घेऊच नये. वर्षातून चार-पाच वेळा शहरात जाणं असेल, दवाखान्याच्या फेऱ्या असतील, तर ती उपयोगी पडते. पुढची चाकं गरगर फिरणारी असतात, ती सरळ अडकवून ठेवायची कळ आहे का ते बघा. ओबडधोबड जागी ती कळ लावली की गाडी कमी अडते.

लेकराचं वय किती, यावर सगळं ठरतं. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या, मान-पाठ न धरलेल्या बाळाला बसकी गाडी चालत नाही. त्याची मान पुढे छातीवर पडते आणि श्वासाची वाट दबते. त्याला सपाट झोपता येईल अशीच पाठ हवी, आणि छत्रीच्या घडीत ती क्वचित मिळते. मोठं लेकरू गाडीत झोपलं तरी पाठ मागे करा, आणि मुक्कामी पोहोचल्यावर त्याला सपाट अंथरुणावर घ्या. पट्टा पाच टोकांचा असावा. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक मांड्यांमधून. नुसता कमरेचा पट्टा असेल तर चुळबुळं लेकरू खालून निसटतं.

दुकानात जाताना आठ किलो ज्वारीची पिशवी सोबत न्या. दुकानदार हसला तर हसू द्या. पिशवी सीटवर ठेवून पट्टा लावा आणि गाडी उंबरठ्यावरून न्या. मग ब्रेक लावून उतारावर उभी करा. सरकली तर नको. शेवटी मुठीवर तुमची प्रवासाची पिशवी अडकवून बघा आणि ज्वारी हळूच उचला. हलकी गाडी बहुतेक मागे उलटते. म्हणूनच मुठीला सामान अडकवायचं नाही, जड वस्तू खालच्या टोपलीत. मोबाइलवरून मागवली असेल तर हीच परीक्षा घरी करा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत करा. खोका, बिल फेकू नका. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. खोक्यावर कधी ‘ईएन १८८८’ असं लिहिलेलं दिसतं. ते बाबागाड्यांसाठीचं युरोपातलं मानक आहे.

बिजागरीकडे विशेष लक्ष द्या. २००९ साली अमेरिकेत मॅकलारेन कंपनीला सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीची झाकणं द्यावी लागली, कारण गाडी उघडताना बिजागरीत बोट सापडून बारा लेकरांच्या बोटांची टोकं तुटली होती. ज्या घराण्यानं हलकी गाडी जगाला दिली, त्याच घराण्याची ही गोष्ट. तेव्हा घडी करताना लेकरू, आणि मदतीला धावून येणारं त्याचं मोठं भावंडं, दोघंही हातभर दूर. उघडल्यावर कळ ‘खट्ट’ वाजून बसली का ते बघूनच लेकरू ठेवा.

आपल्याकडच्या उन्हाबद्दल मात्र मी दोन मिनिटं जास्त घेणार आहे. मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. गाडीतलं लेकरू जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असतं, आणि तापलेल्या डांबराची धग तिथं आपल्या तोंडापेक्षा जास्त लागते. आपण काय करतो, ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटं चारही बाजूंनी टाकतो. सावली होते, पण आत वारं खेळत नाही. थोड्या वेळात आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम होते, आणि लेकराचं तोंड झाकलेलं असल्यानं आपल्याला त्याचे लाल झालेले गाल दिसत नाहीत. झोपलंय असं वाटतं. गाडीचं स्वतःचं छत पुढेपर्यंत येणारं असावं, मागे जाळीची खिडकी असावी, आणि कापड कधीही पूर्ण गुंडाळू नये. दुपारी बारा ते चार निघूच नका. निघावं लागलं तर लेकरू सावलीच्या बाजूला, सुती अंगडं, आणि दर थोड्या वेळानं मानेला हात लावून बघणं. सहा महिन्यांच्या आतल्याला अंगावरचं दूध जास्त वेळा, मोठ्याला पाणीही.

रेल्वेचा फलाट पाणी वाहून जावं म्हणून थोडा उताराचा असतो, डोळ्यांना तो कळत नाही. तपोवन असो की देवगिरी, गाडीची वाट बघताना बाबागाडी रुळांना समांतर उभी करा, ब्रेक लावा आणि तरीही एक हात मुठीवर ठेवा. तिकीट काढायला, फोनवर बोलायला तो हात सोडायचा नाही. रेल्वे दिसायच्या आधीच लेकरू काढून घडी करून ठेवा.

आणि काही ठिकाणी बाबागाडी नेऊच नये. फेब्रुवारीतला परभणीचा उरूस घ्या, नाहीतर आषाढीचं पंढरपूर. अशा गर्दीत गाडीतलं लेकरू लोकांच्या गुडघ्यांत असतं, धूळ सगळी त्याच्या नाकात, आणि मागच्याला ते दिसतही नाही. तिथं आपली झोळी बरी. फक्त नीट बांधलेली. लेकराचं तोंड उघडं आणि तुम्हाला दिसणारं, हनुवटी छातीला न टेकलेली, आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, मांड्या फाकलेल्या. आपल्या आज्या लेकरू कडेवर घेत, ती बसण्याची पद्धत खुब्याच्या सांध्याला चांगलीच आहे. पाय सरळ लोंबते ठेवून घट्ट बांधू नका.

जाता जाता वॉकरचं. काही दुकानदार चाकांचा वॉकरही बाबागाडीच्या रांगेत मांडतात. तो घेऊ नका. लेकरू त्यात बसून झपकन पायऱ्यांकडे, चुलीकडे जातं. कॅनडानं २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. चालायला शिकवायचं तर सुताराकडचा पांगुळगाडा बरा, लेकरू उभं राहून स्वतः ढकलतं, पण तोही आपण शेजारी असतानाच.

एक वेगळी गोष्ट. चार-पाच वर्षांचं, पायानं किंवा मानेनं अधू लेकरू कडेवर घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या माउल्या आपल्यात आहेत. त्यांनी परवडते म्हणून ही हलकी गाडी घेऊ नये. तिची क्षमता बहुधा पंधरा किलोंपर्यंत असते आणि तिचं कापडी सीट पाठीला आधार देत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी वेगळ्या खुर्च्या मिळतात, आणि केंद्र सरकारच्या ‘एडीआयपी’ योजनेतून दिव्यांगांना अशी साधनं दिली जातात. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करा. गटातल्या एखादीनं तिच्यासोबत जावं, कागद दोघींना लवकर उमगतात.

राहिला पैशांचा भाग. बाबागाडीसाठी गटाचं कर्ज काढू नये, असं मी स्पष्ट सांगते. शेळी घेतली तर पिलं देते, गाडी काही देत नाही, आणि लेकरू तीन वर्षांचं झालं की तिचं काम संपतं. पण दहा-पंधरा जणींच्या गटात एका वेळी दोघी-तिघींची लेकरं त्या वयाची असतात. सगळ्यांनी मिळून एक चांगली, खांद्याला अडकणारी गाडी घेतली आणि प्रवासापुरती वापरली, तर प्रत्येकीला पाचशे ते आठशेत पडते. वहीत नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. आणणारीनं सीटचं कापड धुवून, चाकांतले केस-दोरे काढून, ब्रेक आणि पट्ट्याचं कुलूप दुसरीसमोर दाखवून द्यायचं. जुनी गाडी कुणी पुण्या-मुंबईहून आणून दिली तरी आधी ज्वारीची पिशवी ठेवून बघा. कापड फाटलं असेल तर शिवता येतं. पण घडीची कळ ढिली झालेली असेल, तर तारेनं बांधून वापरायची नाही. तिची चाकं काढून घ्या, बाकी भंगारात द्या.